शक्यतो टाळावी

मेल आला तो सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास. परिषद शनिवारी झालेली, रविवार सगळ्या आयोजकांनी झोपेत घालवलेला, फ्लेक्स अजून कुणाच्या तरी डिकीत गुंडाळलेले. मेल अतिशय सभ्य होता. त्यात 'सर' हा शब्द तीनदा होता. आमच्या टॉकचा व्हिडिओ आपण प्रसिद्ध करणार नाही असं समजलं. तो निर्णय नेमका कोणत्या नियमाखाली झाला, ते कळवल्यास बरं होईल. खाली परिषदेच्याच नियमावलीतलं एक वाक्य पिवळं करून डकवलेलं. इंग्रजी वाक्यात क्रियापदाआधी 'शुड' होतं. दारावरच्या मराठी फ्लेक्सवर त्याचंच 'जाहिरात टाळावी' झालं होतं. स्पॉन्सर कंपनीच्या मार्केटिंगवाल्याने शेवटी लिहिलं होतं: टाळावी म्हणजे शक्यतो टाळावी, सर. आम्ही शक्यतो टाळली.

प्रस्तुत लेखक तेव्हा त्या परिषदेच्या कार्यक्रम समितीचा प्रमुख होता. (तृतीयपुरुषी लिहिण्याचं कारण साधं आहे. प्रथमपुरुषी लिहायला घेतलं की दुसऱ्या परिच्छेदातच आवाज चढतो.) परिषदेचं नाव सांगण्यात अर्थ नाही. पुण्यात कॉलेजांच्या सभागृहांत, स्वयंसेवकांच्या जिवावर, मोफत किंवा नाममात्र तिकिटात अशा सॉफ्टवेअर परिषदा बऱ्याच भरतात. नियमावली मात्र प्रस्तुत लेखकाने स्वतः, एका रविवारी, चहाच्या दोन कपांत लिहिली होती, आणि तिचा त्याला अभिमानही होता. एका पानात बसवली म्हणून.

जेवणाआधीचा स्लॉट. कार्यक्रमपत्रिकेत विषय होता मायक्रोसर्व्हिसेस. पहिल्या चार स्लाइड ठीक होत्या. पाचवीवर कंपनीचा लोगो आला, सातवीवर किमतींचा तक्ता, नववीवर क्यूआर कोड, आणि पहिल्या 50 जणांना हूडी. सभागृहात सेकंड-थर्ड इयरची पोरं होती. हूडी म्हटल्यावर मोबाइल वर झाले. बाराव्या स्लाइडवर डावीकडे साडीतली बाई होती, खाली 'जुनी सिस्टिम'. उजवीकडे समुद्रकिनाऱ्यावरची मॉडेल, खाली प्रॉडक्टचं नाव. त्यावर वक्त्याने जे भाष्य केलं ते व्हिडिओत आहे. इथे नको.

पुढच्या रांगेच्या कडेला वेळेची कार्डं घेऊन एक व्हॉलंटिअर मुलगी उभी होती. तिने नेमकं त्याच वेळी '5 मिनिटं' लिहिलेलं पिवळं कार्ड वर धरलं. वक्त्याने ते पाहिलं आणि माइकवर म्हणाला, "बघा, घरीपण हेच आणि इथेपण हेच!" हशा पिकला. कार्ड हळूच खाली आलं. '2 मिनिटं' आणि 'थांबा' ही पुढची दोन कार्डं वर झालीच नाहीत. 20 मिनिटांचा टॉक 34 मिनिटं चालला.

या वेळी प्रस्तुत लेखक कुठे होता? शेवटच्या रांगेमागे, भिंतीला टेकून. पुढे जाऊन थांबवावं, की साउंडच्या टेबलावर बसलेल्या पोराला माइक बंद करायला सांगावं, की गोंधळ नको म्हणून गप्प बसावं, या विचारात स्लाइड बदलली. माइक बंद करायचा अधिकार कोणाला आहे, हे कुठेच ठरलेलं नव्हतं. जेवणानंतर रजिस्ट्रेशनच्या टेबलावर रबरबँड लावलेला कार्डांचा गठ्ठा मिळाला, आणि त्याच्यावर त्या मुलीचं आयकार्ड.

एक गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे. त्या कंपनीकडे स्लाइड तीनदा मागितल्या होत्या. तीन मेल, 12 दिवसांत. तारखांसकट आहेत. पहिल्याला 'शुअर सर' असं उत्तर आलं, दुसऱ्याला अंगठा, तिसऱ्याला काहीच नाही.

पण सोमवारच्या मेलमुळे जे उमगलं ते याहून लाजिरवाणं होतं. सॉफ्टवेअरच्या धंद्यात 'शुड' या शब्दाचा अर्थ काय, यावर एक स्वतंत्र दस्तऐवज आहे. आरएफसी 2119, मार्च 1997, लेखक स्कॉट ब्रॅडनर. इंटरनेटची मानकं लिहिताना 'मस्ट', 'शुड', 'मे' हे शब्द कोणत्या अर्थाने घ्यायचे, एवढंच त्यात सांगितलंय. 'मस्ट' म्हणजे सक्ती. 'शुड' म्हणजे शिफारस. विशिष्ट परिस्थितीत सबळ कारण असेल आणि परिणाम नीट तोलून पाहिले असतील, तर ती बाजूला ठेवता येते. 2017 साली आरएफसी 8174 ने पुरवणी जोडली की हे खास अर्थ शब्द कॅपिटल अक्षरांत असतील तेव्हाच लागू. परिषदेचं 'शुड' तर स्मॉल अक्षरांतलं होतं. म्हणजे व्यवसायाच्या कायद्याने मार्केटिंगवाला बरोबर होता. सबळ कारणही त्याच्याकडे होतं: त्याने पैसे भरले होते.

मराठीत तर ही पळवाट क्रियापदातच शिवलेली असते. आदराने वागावे, वेळ पाळावी, जाहिरात टाळावी. विध्यर्थ. ऐकायला भारदस्त, पाळायला ऐच्छिक. आणि हे लिहिणारा माणूस राहतो कुठे, तर पुण्यात! 'गेटसमोर गाडी लावल्यास चाकातील हवा सोडली जाईल' अशी पाटी तो रोज जाता-येता वाचतो. कुठे, काय केलं, तर काय होईल. तिन्ही गोष्टी एका ओळीत. त्या पाटीवर 'गाडी लावणे शक्यतो टाळावे' असं असतं, तर मालकांना आयुष्यभर रिक्षाने फिरावं लागलं असतं.

हे सगळं नव्याने शोधायची गरजही नव्हती. एप्रिल 2009 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गोल्डन गेट रुबी कॉन्फरन्स झाली. काउचडीबी या डेटाबेसवरच्या एका टॉकच्या नावातच पॉर्न स्टारशी तुलना होती, आणि स्लाइडवर तशीच चित्रं. रुबी ही प्रोग्रामिंग भाषा वापरणाऱ्यांमध्ये नंतर कित्येक आठवडे जुंपली. नावातच सूचना होती की, ज्यांना आवडणार नव्हतं त्यांनी येऊ नये, असा एक बचाव तेव्हा झाला. (हा बचाव अमर आहे. आपल्याकडे त्याला 'एवढं काय मनावर घ्यायचं' म्हणतात.) पुढच्या दोन वर्षांत गीक फेमिनिझम या गटाने परिषदांसाठी छळविरोधी नियमांचा एक तयार मसुदा मांडला. 2011 साली व्हॅलेरी ऑरोरा आणि मेरी गार्डिनर यांनी एडा इनिशिएटिव्ह ही संस्था काढली; तिने हा मसुदा ठिकठिकाणच्या परिषदांच्या गळी उतरवला. संस्था 2015 मध्ये बंद झाली, मसुदा टिकला. जगभरातल्या कितीतरी नियमावल्या त्याच्याच नकला आहेत.

पुण्यातलं ते एक पानही त्याचीच नक्कल होती. मूळ मसुद्यात स्पष्ट म्हटलंय की लैंगिक भाषा आणि चित्रं परिषदेत कुठेही चालणार नाहीत, टॉकमध्येसुद्धा. पुढे आणखी एक परिच्छेद आहे: प्रदर्शनातले स्टॉलवाले, स्पॉन्सर, विक्रेते, सगळ्यांना हेच नियम लागू. हा परिच्छेद पुण्याच्या प्रतीत नव्हता. कारण 'आपल्याकडे कुठे एवढे स्टॉल-बिल असतात' असं म्हणून तो प्रस्तुत लेखकानेच काढून टाकला होता. एका पानात बसत नव्हतं.

बरं, परिच्छेद ठेवला असता तर सगळं सुरळीत झालं असतं का? जानेवारी 2011 मध्ये ब्रिस्बेनला लिनक्सडॉटकॉन्फडॉटएयू भरली. शहरात पूर येऊन गेलेला, जागा ऐन वेळी बदलावी लागलेली. तिथे छळविरोधी नियम होते, त्यात लैंगिक चित्रांचा उल्लेखही होता. तरी बीजभाषणातच तशी चित्रं पडद्यावर आली आणि आयोजकांना जाहीर माफी मागावी लागली. नियम कागदावर असणं ही एक गोष्ट. स्लाइड लोकांसमोर येण्याआधी कोणीतरी त्या डोळ्यांखालून घालणं ही दुसरी. आणि नेमक्या ज्यांच्या स्लाइड बघायला संकोच वाटतो, ते म्हणजे निमंत्रित पाहुणे आणि पैसे देणारे. अर्ज भरून आलेल्या इंजिनिअरिंगच्या पोराकडून मात्र आपण सारांश तीनदा लिहून घेतो.

पैशाचं पाहू. समुदायाच्या परिषदेत सभागृह कॉलेज देतं, वक्ते फुकट येतात, पण जेवण, टी-शर्ट, व्हिडिओवाला आणि बाहेरगावच्या वक्त्यांची राहण्याची सोय यांना पैसे लागतातच. ते स्पॉन्सर देतात. त्यांना पाठवायची एक पीडीएफ असते: प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर. त्या वर्षीच्या पीडीएफच्या चौथ्या पानावर 'गोल्ड'च्या रकान्यात एक ओळ होती, 20 मिनिटांचा टॉक, विषय स्पॉन्सरच्या पसंतीने. ही ओळ समितीतल्या दुसऱ्या सदस्याने नियमावली लिहिली जाण्याच्या दोन महिने आधी घातली होती. प्रस्तुत लेखकाने पीडीएफ मंजूर केली होती. चौथं पान वाचलं नव्हतं. आता हे कबूल करायला हरकत नाही. तेव्हा समितीच्या बैठकीत कबूल केलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच.

ब्रसेल्सच्या फॉसडेम परिषदेकडे पाहावं. प्रवेश मोफत, नोंदणीसुद्धा लागत नाही, विद्यापीठाच्या आवारात हजारो माणसं. फेब्रुवारी 2025 च्या खेपेला ट्विटरचे सहसंस्थापक जॅक डॉर्सी यांचा टॉक मुख्य सभागृहात जाहीर झाल्यावर विरोध सुरू झाला, मंचासमोर ठिय्या देण्याची भाषा झाली. यामागे पैसा आहे का, असा प्रश्न आला तेव्हा आयोजकांनी जाहीरपणे सांगितलं की टॉक निवडण्यात स्पॉन्सरना कसलाही शब्द नसतो. टॉक शेवटी झाला नाही. तो व्हायला हवा होता की नको, यावर दोन मतं असू शकतात. पण आयोजकांना ते एक वाक्य ठामपणे म्हणता आलं, कारण त्यांच्याकडे चौथं पान नव्हतं.

घराजवळचं उदाहरणही आहे. 2001 साली सुरू झालेली लिनक्स बंगलोर ही परिषद 2005 पासून फॉसडॉटइन झाली. तिच्यामागे अतुल चिटणीस होते. त्यांच्या हयातीत त्यांच्या तिखट जिभेबद्दल लोक जितकं बोलत, तितकंच त्यांच्या परिषदेबद्दल. पुढे पुढे त्यांनी नुसती ओळख करून देणारे टॉक कमी केले आणि ज्यांनी खरोखर कोड लिहिलाय त्यांना जागा दिली. काही जण दुखावले, काहींनी यायचं सोडलं. पण त्या परिषदेत काय बसतं आणि काय नाही, हे अर्ज करणाऱ्याला आधीच माहीत असायचं. एका माणसाच्या शब्दावर चालणाऱ्या परिषदेचे तोटे असतात. 'आता कोणाला विचारायचं' हा तोटा मात्र त्यात नसतो.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की मग नियम कडक केले आणि प्रश्न मिटला. कडक केले होते. दुसऱ्या वर्षी प्रस्तुत लेखकाने रागाच्या भरात नऊ पानी नियमावली लिहिली. सगळीकडे 'मस्ट'. त्यात एक कलम असं: टॉकमध्ये कोणाबद्दलही दुखावणारं, अपमानकारक किंवा नकारात्मक विधान असता कामा नये. लिहिताना डोळ्यांसमोर बारावी स्लाइड होती. पण कलम अडलं ते कराडकडच्या एका पोराच्या टॉकवर. विषय होता, 'अमुक फ्रेमवर्क आम्ही का सोडलं'. पोराने मोजमापं दिली होती, कोड दिला होता, तक्ते होते. ते फ्रेमवर्क वापरणाऱ्या एका परीक्षकाने शेरा मारला: नकारात्मक विधान, कलम अमुक. टॉक बाद झाला. गंमत म्हणजे त्याच यादीत एका कंपनीचा 'आमचा प्रवास' मात्र पास झाला. त्यात कोणाबद्दल काहीच नकारात्मक नव्हतं. काहीच नव्हतं, खरं म्हणजे.

याचं मोठं रूप 2020 मध्ये ज्युपिटरकॉनला जगाने पाहिलं होतं. 2018 च्या ज्युपिटरकॉनमध्ये जोएल ग्रुस यांनी 'मला नोटबुक आवडत नाहीत' असा खुसखुशीत टॉक दिला होता, तोही नोटबुकच्याच (कोड आणि टिपणं एकत्र लिहिण्याच्या साधनाच्या) परिषदेत. दोन वर्षांनी जेरेमी हॉवर्ड यांनी त्याच धाटणीने त्याला उत्तर दिलं, मला नोटबुक आवडतात म्हणून. त्यावर तक्रार झाली आणि आचारसंहिता समितीने हॉवर्ड यांनी नियम मोडल्याचं त्यांना कळवलं. मुद्दा होता इतरांशी प्रेमाने वागण्याचा. ज्यांच्या टॉकला उत्तर दिलं त्या ग्रुस यांना त्यात वावगं वाटलं नव्हतं. हॉवर्ड यांनी सगळा प्रकार जाहीर लिहिला आणि परिषदेमागच्या नमफोकस या संस्थेला माफी मागावी लागली. 'प्रेमाने वागा' ही अपेक्षा म्हणून उत्तम आहे. तिचं कलम केलं, की ते हाताळणाऱ्याच्या मूडवर चालतं.

मग काय लिहायचं? कराडच्या त्या प्रकरणानंतर कलम असं बदललं: कोडवर, साधनावर, कंपनीच्या तांत्रिक निर्णयावर टीका चालेल, कितीही तिखट असली तरी. माणसाच्या शरीरावर, लिंगावर, जातीवर, धर्मावर, गावावर किंवा इंग्रजीच्या उच्चारावर विनोद चालणार नाही. दिसल्यास ती स्लाइड काढली जाईल, मंचावर झाल्यास टॉक थांबवला जाईल. अमेरिकेतून आलेल्या मूळ मसुद्यात लिंग, वंश, धर्म, अपंगत्व, शरीरयष्टी होतं. जात नव्हती, उच्चार नव्हते. आपल्याकडच्या मंचावर सर्वांत सहज होणारा विनोद कोणता, तर गावाकडच्या पोराच्या इंग्रजीवरचा. त्याची नक्कल करून हशा घेणाऱ्या वक्त्याला आपण काही गैर करतोय याचा पत्ताही नसतो. ही ओळ लिहिली तेव्हा समितीतले दोघं हसले आणि एक जण गप्प बसला. तो लातूरचा.

स्लाइडबद्दल. आठ दिवस आधी, पीडीएफमध्ये, सगळ्यांच्या. बीजभाषण, स्पॉन्सर, लाइटनिंग टॉक, समितीच्या सदस्यांचे टॉक, सगळे आले त्यात. पाहणारे दोन जण असावेत आणि शक्यतो (हा शब्द पुन्हा आलाच) त्यांतली एक बाई असावी, कारण बारावी स्लाइड पाहून 'यात काय एवढं' म्हणणारे पुरुष प्रस्तुत लेखकाला आपल्याच समितीत भेटले. पाहणाऱ्याने टॉक चांगला आहे का ते ठरवायचं नाही. ते आधीच ठरलंय. त्याने फक्त चित्रं, विनोद, किमती आणि क्यूआर कोड पाहायचे. 30 स्लाइडला पाच मिनिटं लागतात. स्लाइड आल्या नाहीत तर स्लॉट जातो, हे निवडीच्या मेलमध्येच लिहायचं, आणि एकदा तरी खरोखर काढून घ्यायचा. एकदा पुरतं, बातमी पसरते.

स्पॉन्सरला टॉक विकू नये. विकायचाच असेल, हिशेब जुळतच नसेल, तर पत्रिकेत त्यावर 'प्रायोजित' असं छापावं, जेवणाच्या वेळेत छोट्या खोलीत टॉक ठेवावा, आणि पैसे घेण्याआधी नियमावलीवर सही घ्यावी. ही सही आलीच पाहिजे अशा माणसाची, जो नंतर 'मला माहीत नव्हतं, मार्केटिंगने केलं' म्हणू शकणार नाही.

सभागृहागणिक एक माणूस. त्याचं नाव, त्याचा फोन, आणि लिखित अधिकार: तो कार्ड दाखवेल, मग मंचावर जाईल, मग माइक बंद होईल. साउंडवाल्याला सकाळीच त्या माणसाची ओळख करून द्यायची. वेळेची कार्डं धरायला एकोणीस वर्षांच्या मुलीला एकटीला उभं करायचं नाही. धरायची तर त्या अधिकारवाल्या माणसाच्या शेजारी. हे एवढंसं वाटतं. त्या शनिवारी एवढंच असतं तर बाकीची आठ पानं लागली नसती.

व्हिडिओ प्रसिद्ध करायचा की नाही याचा निर्णय आयोजकांचा, असं वक्त्याच्या संमतिपत्रात हवं. त्याच ओळीच्या अभावी प्रस्तुत लेखकाचे तीन आठवडे मेलामेलीत गेले.

बाकी मग नेहमीचं: लवकर सुरुवात करा, सगळं लेखी ठेवा, सगळ्यांशी सौजन्याने वागा, पाणी प्या.

एक प्रश्न राहतोच, आणि त्याचं उत्तर प्रस्तुत लेखकाकडे नाही. टॉक ठीक आहे, माणूस नाही, तेव्हा काय? कर्टिस यार्विन 'मेन्शियस मोल्डबग' या नावाने जे राजकीय लेखन करत, त्यावरून 2015 मध्ये सेंट लुइसच्या स्ट्रेंज लूपने त्यांचं निमंत्रण मागे घेतलं. टॉक होता अर्बिट या सॉफ्टवेअरवर. पुढच्या वर्षी लॅम्डाकॉन्फने नाव झाकून अर्ज तपासले, त्यात त्यांचा अर्ज निवडला गेला, आणि नाव कळल्यावरही आयोजकांनी तो कायम ठेवला. काही स्पॉन्सर निघून गेले. दोन्ही परिषदांना शिव्या बसल्या. नाव झाकून निवड करणं चांगलंच. पण झाकण उघडल्यावर काय करायचं, ते आधी ठरवलेलं असावं, एवढंच दोन्हींकडून शिकता येतं.

आधी न ठरवल्याचा फटका रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या लोकांनाही बसला. 2023 च्या रस्टकॉनसाठी जीनहेड मेनीड यांना बीजभाषणाचं निमंत्रण गेलं. मग नेतृत्वातल्या काहींना त्यांचा विषय पटेना. पण कोणी, कधी, कोणाच्या वतीने आक्षेप घेतला, हे धड कोणालाच सांगता येईना. वक्त्याला निरोप गेला की बीजभाषणाऐवजी साधा टॉक करा. त्यांनी टॉकच मागे घेतला. प्रकल्पाला जाहीर माफी मागावी लागली. विषयावर आक्षेप असायला हरकत नाही. तो निमंत्रणाआधी यावा, आणि आक्षेप घेणाऱ्याचं नाव त्याच्याखाली असावं.

नाव. तिथेच सगळं अडतं. त्या सोमवारी मेल आल्यावर प्रस्तुत लेखकाने तो समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. सहा जणांची समिती. एकाने लिहिलं, "जाऊ दे रे, पुढच्या वर्षीपण पैसे लागतील." एकाने हात जोडले. बाकीचे तिघं 'टायपिंग' होऊन गायब झाले. शेवटी व्हिडिओ न टाकण्याचा निर्णय 'समितीचा' म्हणून कळवला गेला आणि उत्तरं प्रस्तुत लेखकाने एकट्याने दिली. बारावी स्लाइड आणि ते कार्डाचं वाक्य कापून उरलेला भाग टाकतो, असं सुचवलं. कंपनीला अखंडच हवा होता. तो तसाच ड्राइव्हवर पडून आहे. त्या मुलीला दोनदा फोन केला. तिने एकदा उचलला आणि म्हणाली, "ठीक आहे सर, परीक्षा आहेत." तिच्या जागी आपण असतो तर आपणही हेच म्हणालो असतो, असं म्हणायचा मोह होतो, पण प्रस्तुत लेखक तिच्या जागी कधीच नव्हता, तो भिंतीला टेकून उभा होता.

यंदा त्याच कंपनीचा मेल पुन्हा आलाय. माणूस नवीन आहे, भाषा तीच. प्लॅटिनम घ्यायचा विचार आहे. सोबत टॉक मिळतो का, ते कळवावं. प्रस्तुत लेखकाने उत्तर लिहून ठेवलं, एका शब्दाचं. पाठवण्याआधी रीतसर समितीच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं की हे सहा जणांच्या नावाने जाईल, कोणाचा आक्षेप असल्यास आजच सांगा. ब्लू टिक आल्यात. उत्तर अजून कोणाचंच नाही.